न दिसणारं दाखवणारे खानोलकर

परळच्या एका प्रयोगशाळेत आयुष्य घालवलेल्या डॉ. वसंत रामजी खानोलकरांची गोष्ट. आज लहान मुलांच्या मेंदूतली गाठ चमकवून काढतात, त्या तंत्राशी तिचं जवळचं नातं आहे.

खानोलकर म्हटलं की तुम्हाला कोण आठवतं? मराठीच्या वर्गात बसलेल्या कुणालाही आरती प्रभूच आठवणार, म्हणजे चिं. त्र्यं. खानोलकर. मलाही तेच आठवले. परळच्या हॉस्पिटलांवर काहीतरी लिहायचं ठरलं आणि वाचता वाचता हे दुसरे खानोलकर पुन्हा पुन्हा समोर यायला लागले. दहावीनंतर बायोलॉजीला रामराम ठोकलेली मी. पॅथॉलॉजी म्हणजे कोपऱ्यावरची ब्लड टेस्टची लॅब, एवढंच माझं ज्ञान. त्यामुळे पुढचं सगळं माझ्यासारख्यांना कळेल असंच लिहिलंय.

सुरुवात आजच्या परळपासून करते. केईएम, वाडिया आणि टाटा ही तीन मोठी हॉस्पिटलं चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. सकाळी तिथल्या फुटपाथवरून गेलात तर एमआरआयच्या फिल्म्सची मोठी पिशवी सांभाळत उभे असलेले आई-बाबा दिसतील. त्यांच्या खांद्यावर मास्क लावलेलं, केस गेलेलं लहान मूल असतं. कुणी बिहारहून आलेलं, कुणी नांदेडहून. दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर नशीब, नाहीतर हाच फुटपाथ.

यातल्या काही मुलांच्या मेंदूत गाठ असते. मेंदूच्या गाठींचे प्रकार अनेक, आणि एकेक प्रकार घेतला तर दुर्मिळ. मेड्युलोब्लास्टोमा नावाची गाठ बहुतेक वेळा मेंदूच्या मागच्या बाजूला, तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूत होते. एपेन्डिमोमा मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांच्या अस्तरातून वाढते. अशा गाठीत सर्जनपुढचा प्रश्न एकच असतो: गाठ संपते कुठे आणि निरोगी मेंदू सुरू होतो कुठे? थोडी गाठ मागे राहिली तर ती परत वाढू शकते. थोडा मेंदू जास्त कापला गेला तर मुलाचा तोल, गिळणं, बोलणं जाऊ शकतं. लहान मेंदूच्या ऑपरेशननंतर काही मुलं कित्येक दिवस, कधी कित्येक आठवडे एक शब्द बोलत नाहीत. आणि गंमत म्हणजे, खरं तर गंमत नाहीच, कडेला गाठ आणि मेंदू दोन्ही साध्या डोळ्यांना जवळजवळ सारखेच दिसतात.

नोट तपासायचं मशीन आणि मेंदू

यावर एक उपाय निघाला तो प्रकाशाचा. दुकानात पाचशेची नोट निळसर दिव्याखाली धरतात तेव्हा एरवी न दिसणारे धागे चमकतात ना, तेच तत्त्व. काही पदार्थ एका रंगाचा प्रकाश पितात आणि दुसऱ्या रंगाचा सोडतात. टॉनिक वॉटरची बाटली डिस्कोच्या दिव्याखाली निळी दिसते ती त्यातल्या क्विनाइनमुळे. क्विनाइनच्या पाण्याचा हा खेळ पाहूनच जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाने १८५२ च्या सुमारास या गुणधर्माला फ्लुरोसन्स हे नाव दिलं.

मेंदूच्या ऑपरेशनसाठी आज वापरतात ते औषध म्हणजे ५-एएलए. ऑपरेशनच्या काही तास आधी ते पाण्यात मिसळून प्यायला देतात. आपल्या शरीरात रक्ताचा लाल रंग तयार होण्याच्या साखळीतलाच हा एक कच्चा माल. काही प्रकारच्या गाठींच्या पेशी तो घेतात, त्यापासून प्रोटोपॉर्फिरिन नावाचा पदार्थ बनवतात, पण पुढची पायरी नीट पार पाडत नाहीत. माल साठून राहतो. मग थिएटरमधले दिवे मंद करायचे, मायक्रोस्कोपचा निळा प्रकाश सुरू करायचा, आणि गाठ लालसर गुलाबी चमकते. निरोगी मेंदू निळा-काळाच राहतो. जर्मनीत ३२२ प्रौढ रुग्णांवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या प्रकाशाच्या मदतीने ६५ टक्के रुग्णांची स्कॅनवर दिसणारी गाठ पूर्ण काढता आली, साध्या प्रकाशात ३६ टक्के रुग्णांची. परळच्या टाटा हॉस्पिटलमधले न्यूरोसर्जनही हे तंत्र वापरतात आणि त्यावर त्यांनी संशोधन प्रसिद्ध केलंय.

आता डॉ. खानोलकरांनी यातलं काही शोधलं का? नाही. ते १९७८ मध्येच गेले. हे औषध मेंदूच्या ऑपरेशनमध्ये आलं ते नव्वदच्या दशकात. पण गाठ कुठली, किती, कशामुळे, हे डोळ्यांवर भरवसा न ठेवता रंग देऊन, काचेखाली धरून, मोजून ठरवायचं, ही शिस्त परळमध्ये ज्यांनी उभी केली त्यात त्यांचं नाव सगळ्यात वर आहे. आणि त्या शिस्तीशिवाय ही गुलाबी चमक नुसता दिव्यांचा खेळ ठरली असती.

लंडनहून परत, पण प्रॅक्टिस नाही

वसंत रामजी खानोलकर यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ चा. वैद्यकीय शिक्षण लंडन विद्यापीठात. १९२३ मध्ये ते पॅथॉलॉजीत एमडी झाले. त्या काळी विलायतेहून डॉक्टर होऊन आलेल्या माणसाने गिरगावात किंवा फोर्टात दवाखान्याची पाटी लावली असती तर रांग लागली असती. खानोलकरांनी शिकवणं निवडलं, आणि विषयही असा की ज्यात पेशंट तुमचं तोंडही बघत नाही. आधी भायखळ्याचं ग्रँट मेडिकल कॉलेज, नंतर परळचं सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज.

हे जी. एस. म्हणजे केईएमला जोडलेलं कॉलेज, १९२६ मध्ये सुरू झालेलं. ज्यांच्या पैशातून ते उभं राहिलं त्यांची अट होती की इथले प्राध्यापक भारतीयच असतील. सरकारी वैद्यकीय कॉलेजांत तेव्हा वरच्या खुर्च्यांवर बहुतेक इंग्रज. म्हणजे जी. एस. मध्ये शिकवणं ही नुसती नोकरी नव्हती. आपल्या लोकांना विज्ञान जमतं हे रोज सिद्ध करायची ती जागा होती.

गुलाबी रंगाची वंशावळ

पॅथॉलॉजिस्ट नेमकं करतो काय? सर्जनने काढलेला तुकडा त्याच्याकडे येतो. तो फॉर्मलिनमध्ये टिकवतात, मेणात बसवतात आणि त्याचे केसापेक्षाही कितीतरी पातळ काप काढतात. काप काचेवर ठेवला तरी काहीच दिसत नाही, कारण पेशी जवळपास पारदर्शक असतात. म्हणून त्यांना रंगवावं लागतं. एक रंग हिमॅटॉक्सिलिन, मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडातून येणारा. तो पेशीचं केंद्रक निळं-जांभळं करतो. दुसरा इओसिन, तो बाकीचं सगळं गुलाबी करतो. जगातल्या जवळपास प्रत्येक पॅथॉलॉजी लॅबमध्ये आजही हीच जोडी चालते.

इथे मला या लेखातली सगळ्यात आवडलेली गोष्ट सापडली. हा इओसिन आला कुठून? १८७१ मध्ये अडॉल्फ फॉन बेयर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने एक पिवळा-हिरवा चमकणारा रंग बनवला, फ्लुरोसीन. त्यात ब्रोमीन घातलं की होतो इओसिन. म्हणजे स्लाइडवरचा गुलाबी रंग हा चमकणाऱ्या रंगाचाच पोरगा. आणि १९४८ मध्ये अमेरिकेत जॉर्ज मूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूतली गाठ शोधायला शिरेतून जे द्रव्य दिलं ते हेच फ्लुरोसीन. आजही काही ऑपरेशनमध्ये ते वापरतात. तुमच्या डायबेटिस असलेल्या आजोबांच्या डोळ्याच्या पडद्याची तपासणी करताना हातात पिवळं इंजेक्शन दिलं असेल, तर तेही हेच.

म्हणजे खानोलकर आणि त्यांचे विद्यार्थी परळमध्ये स्लाइडवर गुलाबी रंगाचे थेंब टाकत होते, तेव्हा त्याच घराण्यातला दुसरा रंग साता समुद्रापार मेंदूची गाठ शोधत होता. एक रंग तुकडा बाहेर काढल्यावर सांगतो, दुसरा काढण्याआधी. काम एकच, न दिसणारं दाखवायचं.

हजार तोंडं

२८ फेब्रुवारी १९४१. परळमध्ये टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं. सर दोराबजी टाटांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ मध्ये ल्युकेमियाने गेल्या, पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले, आणि त्यांच्या ट्रस्टने हे हॉस्पिटल उभं केलं. तिथल्या प्रयोगशाळा आणि संशोधन यांची जबाबदारी खानोलकरांकडे आली. तेव्हा ते ४५ वर्षांचे होते.

त्या काळात अनेकांचा समज असा की कॅन्सर हा श्रीमंत, थंड देशांचा रोग, भारतात तो दुर्मिळच. खानोलकरांनी वाद घातला तो आकड्यांनी. १९४४ मध्ये त्यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कॅन्सरच्या सलग १००० केसेसचा आढावा प्रसिद्ध केला. सलग, म्हणजे सोयीच्या निवडलेल्या नाहीत, येतील तशा. एक हजार! ज्या रोगाला लोक दुर्मिळ म्हणत होते त्याचे इतके पेशंट एका शहरात, एका ठिकाणी मोजलेले. रोग दुर्मिळ नव्हता, मोजणारं कुणी नव्हतं.

पुढच्याच वर्षी, १९४५ मध्ये, बी. सूर्याबाई यांच्यासोबत त्यांनी आणखी एक निबंध लिहिला. त्यात भारतातल्या सवयींशी जोडलेले कॅन्सरचे तीन प्रकार होते. पहिला चुट्टा ओढणाऱ्यांचा. आंध्रच्या किनारपट्टीवर काही लोक चिरूट उलटा ओढतात, पेटलेलं टोक तोंडात. त्यांचा कॅन्सर टाळूवर. दुसरा खैनीचा. तंबाखू आणि चुना खालच्या ओठामागे धरून ठेवायची सवय, म्हणून कॅन्सर नेमका तिथेच. तिसरा धोतराचा. कमरेला वर्षानुवर्षं घट्ट आवळलेल्या धोतराच्या काठाने कातडी घासत राहायची, त्या रेघेवर.

या कामाची पद्धत बघा. मायक्रोस्कोपखाली पेशी कॅन्सरची आहे हे कळलं की पॅथॉलॉजिस्टचं काम खरं तर संपतं. खानोलकर तिथे थांबले नाहीत. हा माणूस कुठला, काय चघळतो, काय नेसतो, हे प्रश्न त्यांनी स्लाइडच्या शेजारी आणून ठेवले. मुंबईसारखं शहर यासाठी सोन्याची खाण होतं. गिरणगावात कोकणातले, घाटावरचे, उत्तरेतले, दक्षिणेतले लोक एकाच हवेत राहत होते, पण प्रत्येकाचं खाणं, नेसणं, लग्नाचं वय वेगळं. पारशी बायकांमध्ये स्तनाचा कॅन्सर जास्त आणि हिंदू बायकांमध्ये गर्भाशयाच्या मुखाचा, असे फरक त्यांच्या टीमने नोंदवले.

जात, धर्म, समाज असे रकाने आज आपण वाचतो तेव्हा थोडं दचकायला होतं. दचकायलाच हवं, कारण अशा रकान्यांचा गैरवापर सोपा असतो. पण धोतर आणि खैनीच्या अभ्यासातून निघालेला अर्थ नेमका उलटा आहे. हा रोग कुणाच्या रक्तात लिहिलेला नाही, सवयीत आहे. आणि सवय बदलता येते. महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली २०१२ मध्ये. त्या हजार केसेसनंतर ६८ वर्षांनी. आणि कॉलेजच्या गेटबाहेरच्या टपरीवर आज काय काय मिळतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

माणसं घडवायची लॅब

१९५२ मध्ये परळमध्येच इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभं राहिलं. त्यामागचा मुख्य माणूस आणि पहिले संचालक खानोलकर. इथे त्यांनी केलेली सगळ्यात मोठी गुंतवणूक मशीनमध्ये नव्हती, माणसांत होती.

पुण्याच्या कमल समर्थ, लग्नानंतरच्या कमल रणदिवे, खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये पीएचडी झाल्या. मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जॉर्ज गे यांच्याकडे गेल्या. हे गे म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवायच्या तंत्रातले मोठे नाव. रणदिवे तिथे राहू शकल्या असत्या. त्या परळला परतल्या आणि इथे टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा उभी केली. २०२१ मध्ये त्यांच्या वाढदिवशी गुगलने डूडल केलं होतं, आठवत असेल. सत्यवती सिरसाट याही खानोलकरांच्याच विद्यार्थिनी. त्यांनी तिथे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीची लॅब उभारली. पन्नासच्या दशकात, बायकांनी सायन्स करायचं म्हणजे फार तर शाळेत शिकवायचं असं समजलं जायचं तेव्हा, परळच्या या लॅबमध्ये बायका विभाग चालवत होत्या.

खानोलकरांचं दुसरं मोठं काम कुष्ठरोगावरचं. कातडीवर चट्टा दिसला की रोग दिसला असं आपण समजतो. त्यांनी अगदी सुरुवातीच्या चट्ट्यांचे काप तपासले आणि कातडीतल्या बारीक मज्जातंतूंपर्यंत रोगाचा माग काढला. पुन्हा तेच. डोळ्याला दिसतं त्याच्या आधी काय घडत असतं, त्याचा शोध.

मानसन्मान थोडक्यात सांगते, कारण ते विकिपीडियावर मिळतात. भारतातल्या पॅथॉलॉजिस्ट आणि मायक्रोबायोलॉजिस्ट मंडळींच्या संघटनेचे ते संस्थापक-अध्यक्ष. पन्नासच्या दशकात पद्मभूषण. पुढे राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक. साठच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू. हो, आपल्याच. पण रिसर्च सेंटरचं संचालकपद त्यांनी १९७३ पर्यंत सांभाळलं. तेव्हा त्यांनी पंचाहत्तरी ओलांडली होती. २९ ऑक्टोबर १९७८ ला ते गेले. १९६६ मध्येच त्यांचं सेंटर आणि टाटा हॉस्पिटल मिळून टाटा मेमोरियल सेंटर झालं होतं. संशोधनाचं काम नंतर खारघरला गेलं आणि तिथल्या एका इमारतीला खानोलकर शोधिका असं नाव आहे.

चमकत नाही, तेव्हा?

आता परत त्या फुटपाथवरच्या मुलाकडे येऊ. गुलाबी प्रकाश म्हणजे जादू आहे असं वाटून तुम्ही हा लेख संपवू नये, म्हणून हे सांगायलाच हवं. ५-एएलएच्या मोठ्या चाचण्या प्रौढांवर झाल्या. युरोपात २००७ मध्ये आणि अमेरिकेत २०१७ मध्ये त्याला परवानगी मिळाली तीही मोठ्यांच्या, जोमाने वाढणाऱ्या ग्लायोमा नावाच्या गाठींसाठी. मुलांच्या गाठी वेगळ्या. एपेन्डिमोमा बऱ्याचदा चमकते. मेड्युलोब्लास्टोमा कधी चमकते, कधी नाही. हळू वाढणाऱ्या गाठी अनेकदा अंधारातच राहतात. मुलांमध्ये एकेक प्रकार इतका विरळा की एका हॉस्पिटलात वर्षभरात मोजकेच पेशंट मिळतात. चाचणी करणार कुणावर? म्हणून देशोदेशीच्या हॉस्पिटलांना आपापल्या केसेस एकत्र कराव्या लागतात. विंचवाच्या विषातल्या एका रेणूला चमकणारा रंग जोडून मुलांच्या गाठी उजळायचा प्रयत्नही अमेरिकेत झाला आहे.

आणि म्हणूनच चमकलं तरी, नाही चमकलं तरी, काढलेला तुकडा शेवटी पॅथॉलॉजिस्टकडे जातोच. कधी ऑपरेशन चालू असतानाच तुकडा गोठवून, काप काढून, रंगवून काही मिनिटांत उत्तर द्यावं लागतं. सर्जन हातात हत्यार घेऊन थांबलेला असतो, मूल टेबलावर असतं, आणि वेगळ्याच खोलीत कुणीतरी मायक्रोस्कोपवर वाकलेलं असतं. त्या माणसाचं नाव आई-बाबांना कधीच कळत नाही.

खानोलकरांनी आयुष्यभर ज्या समजुतीशी भांडण केलं ती एकच होती: दिसत नाही, म्हणजे नाही. कॅन्सर दिसत नाही म्हणून भारतात नाही, चट्टा दिसत नाही म्हणून कुष्ठरोग नाही. आज थिएटरमध्ये निळा प्रकाश लावल्यावर सर्जनला तोच धडा पुन्हा गिरवावा लागतो. चमकत नाही, म्हणजे तिथे गाठ नाही, असं धरून चालत नाही. आणि मुलांच्या मेंदूच्या गाठींना आपण दुर्मिळ म्हणतो तेव्हा ते हजार पेशंट आठवायला हवेत. दुर्मिळ म्हणजे खरंच कमी, की नीट मोजलेलंच नाही, हे आधी तपासायला हवं.

पुढच्या वेळी लालबागच्या रांगेत उभे राहायला जाल तेव्हा परळला थोडं आधी उतरा आणि टाटाच्या बाजूने चालत जा. आत कुठल्यातरी टेबलावर, आत्ता या क्षणीसुद्धा, एका काचेवर गुलाबी रंग पसरत असेल. ती काच कदाचित त्या मास्कवाल्या मुलाची असेल.